प्रयोगशाळेचा उंबरठा आणि आपण

ठाकुर्लीचे रेल्वेचे पॉवर हाऊस बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. जी.आय.पी. रेल्वेने १९२९ च्या सुमारास उभारलेल्या या वीजघरात कोळसा जळे, पाण्याची वाफ होई, वाफेवर यंत्रे फिरत आणि त्या विजेवर मुंबईच्या गाड्या धावत. कोळसा ओढणे आणि राख उपसणे अशा ठिकाणी कोणाच्या वाट्याला येते, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. उष्णतेची वीज कशी होते हे जाणणारा मात्र दुसराच असे. हात एकाचे आणि ज्ञान दुसऱ्याचे, ही विभागणी आपल्या समाजाने धर्माच्या नावाने चालवली; कारखान्याने ती मोडली नाही.

आज याच परिसरातल्या चाळींतून मुले-मुली एम.एस्सी. होतात. पीएच.डी.चा विषय निघाला की घरात प्रश्न येतो : ‘अजून किती शिकायचं? नोकरी कधी?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, गरजेचा आहे. म्हणूनच त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

एम.एस्सी.पर्यंत विद्यार्थी इतरांनी शोधलेले शिकतो. पीएच.डी.त त्याला असा प्रश्न घ्यावा लागतो, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. २०२२ च्या नियमांनुसार यासाठी किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात. त्यातला बराच काळ फसलेल्या प्रयोगांत जातो. प्रयोग का फसला हे शोधताना माणूस घडतो. आपली चूक स्वतः शोधणे, पुराव्याशिवाय न बोलणे आणि पुरावा हाती असल्यावर कोणापुढेही न दबणे, हे शिक्षण पदवीहून मोठे आहे. ज्यांच्या पूर्वजांना ‘का?’ विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्यासाठी तर ते मुक्तीचेच शिक्षण आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ मध्ये फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष सोडले नाहीत. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. विषय अर्थशास्त्राचा होता, पण वृत्ती संशोधकाची होती : मांडणी सुधारीन, सत्य बदलणार नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आग्रहाने मागितल्या. केवळ वकील आणि कारकून निर्माण करून समाज उभा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ही वाट सोपी आहे असे सांगणे मात्र फसवणूक ठरेल. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण ती सर्वांना मिळत नाही, आणि मिळाली तरी पैसे वेळेवर हाती येतातच असे नाही. घर त्या पैशावर चालत असेल तर दोन महिन्यांचा विलंबही संशोधन थांबवतो. मार्गदर्शकाच्या एका सहीवर वर्षे अवलंबून असतात. प्रयोगशाळेत जात उघड विचारली जात नाही. ती आडनावावरून, कोट्याच्या कुजबुजीतून आणि जेवणाच्या टेबलावरच्या रिकाम्या खुर्चीतून कळते. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते. हे विसरून ‘चिकाटी ठेवा’ असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून काम दोन्ही बाजूंनी करावे लागेल. विद्यार्थ्याने प्रवेशाआधी मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे, अधिछात्रवृत्तीचे नियम लेखी मिळवावेत, प्रयोगाची वही रोज लिहावी आणि एकटे पडू नये. शिक्षकांनी बी.एस्सी.च्या वर्गातच नेटची ओळख करून द्यावी. कार्यकर्त्यांनी रखडलेल्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न मोर्चाच्या मागण्यांत घ्यावा. तो मूठभर शिकलेल्यांचा प्रश्न नव्हे.

आणि जो डॉक्टर होईल त्याने नावाआधीच्या दोन अक्षरांवर समाधान मानू नये. रविवारी वस्तीतल्या दहा मुलांना विजेचा साधा प्रयोग करून दाखवावा. ज्या वस्तीने राख उपसली, तिच्या मुलांना ज्वलनाचे शास्त्र सांगणे हे त्याच्या संशोधनाचेच पुढचे प्रकरण आहे.