हात नको, पट्टा धरा

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली, की घरातल्यांचा प्रश्न एकच असतो, "पुन्हा चालता येईल ना?" इजेच्या खालच्या भागात थोडी संवेदना, थोडी हालचाल शिल्लक असेल तर आशा बरीच असते. पण चालणं म्हणजे नुसतं पायांतलं बळ नव्हे, बरं का! बळ आलं तरी तोल येतोच असं नाही. तो वेगळा शिकावा लागतो.

माझे मोठे दीर लोकलमधून पडले, तेव्हा हे आम्हाला कळलं. हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी, हा प्रवास अशा माणसाला रोज कसा झेपावा? तेव्हा रोजचा सराव घरीच, म्हणजे अर्थात जाऊबाईंवर!

सुरुवात पलंगाच्या कडेला विनाआधार बसण्यापासून. मग हात लांब करून समोरची वाटी उचलायची. पुढे दोन समांतर दांड्यांमध्ये उभं राहून भार या पायावरून त्या पायावर. आधी दांडी मुठीत, मग नुसती बोटं टेकलेली. नंतर वॉकर, कुबड्या, वळणं, थांबणं, उंबरठा ओलांडणं.

जाऊबाई त्यांचा दंड घट्ट धरून चालवीत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते थांबवलं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि दुबळ्या बाजूने, किंचित मागे राहून तो धरायचा. शरीर जरा डुलतं, स्वतःला सावरतं, त्यातूनच तोल शिकतं. दंड ओढला की माणूस आपल्यावरच रेलतो. पण जिवाच्या माणसाला डुलू देणं सोपं का आहे!

आणखी एक. तळव्यांना जमीन नीट कळत नसली की ते काम डोळे करतात. म्हणून अंधारात, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की झोक जातो. मोरीच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा, सैल पायपुसणी उचला, अंघोळ स्टुलावर बसूनच. चपलांना मागे पट्टा हवा. रोज रात्री तळवे पाहा, जखम झालेली त्यांना कळत नाही. पाय एकाएकी जास्त ताठरू लागले, तर लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो. डॉक्टरांना लगेच दाखवा.

दीर आता कुबडी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात. पट्टा अजून जाऊबाईंच्याच हातात असतो, फक्त सैल.