सायलेन्सरच्या पोटातला पखवाज: पन्नास वर्षांच्या टू-स्ट्रोकवर मातीतली शर्यत

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांची उमेदीची वर्षं आरएक्स १००, येझदी किंवा निदान जुन्या बजाज स्कूटरवर गेली, त्यांना पंपावरचा तो प्रश्न आठवत असेल: "ऑईल किती टाकू?" पेट्रोलमध्ये ऑईल का घालायचं, हे तेव्हा कुणी विचारत नसे. घालायचं, गाडी हलवायची, किक मारायची आणि मागच्या माणसाला निळा धूर देऊन निघायचं. आज त्या धुराबद्दल, आणि त्याहून जास्त तो ज्या पाइपमधून येतो त्याबद्दल बोलू या. त्यासाठी मी तुम्हाला आमच्या ओहायोत, शर्यतीच्या मातीत घेऊन जाणार आहे.

अमेरिकेत 'व्हिंटेज मोटोक्रॉस' नावाचा प्रकार चांगला रुजलेला आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या मातीतल्या मोटरसायकली घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवायच्या नाहीत, तर चिखलात घालून शर्यतीत पळवायच्या. एएचआरएमए ही संस्था देशभर अशा शर्यती भरवते. इथे गाड्यांचे वयोगट असतात तसे स्वारांचेही: पन्नाशीच्या वरचे, साठीच्या वरचे, सत्तरीच्याही वरचे. नियम मजेदार वाटतील, पण त्यांना अर्थ आहे. जुन्या गटात सस्पेन्शनची हालचाल पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच यापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे कुणी आजचे शॉकअॅब्सॉर्बर लावून फसवू नये. दर जुलैत ओहायोतल्या लेक्सिंग्टनजवळ मिड-ओहायोच्या ट्रॅकवर 'व्हिंटेज मोटरसायकल डेज' भरतात. तिथला सुट्या भागांचा बाजार पाहिला की पुण्याचा जुना बाजार आठवतो. फरक इतकाच, की इथला गंजलेला कार्ब्युरेटर जास्त महाग असतो.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ: होंडा सीआर २५० एम 'एल्सिनोर', १९७३चं मॉडेल. तोवर होंडा म्हणजे फोर-स्ट्रोक असं समीकरण होतं आणि सोइचिरो होंडा यांना टू-स्ट्रोकचं फारसं प्रेम नव्हतं. तरी मातीतल्या शर्यतीत टू-स्ट्रोकला तोड नाही हे पाहून कंपनीने ही गाडी काढली आणि त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचं २५० सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. नाव पडलं ते कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावावरून. 'ऑन एनी संडे' (१९७१) या माहितीपटात स्टीव्ह मॅक्वीन ज्या गावातल्या शर्यतीत दिसतो, तेच हे गाव. सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक ६४.४ मिमी, गिअर पाच, वजन शंभर किलोच्या आसपास. कॉम्प्युटर नाही, बॅटरी नाही, रेडिएटर नाही.

आणि व्हॉल्व्हही नाहीत. खरी गंमत इथे सुरू होते.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं पिस्टनच्या चार फेऱ्यांत होतात, आणि व्हॉल्व्ह दारवानासारखे दारं उघडतात-मिटतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनच फेऱ्यांत सगळं उरकतो. दारवान नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला भोकं आहेत. पिस्टन खाली गेला की ती उघडतात, वर आला की झाकली जातात. अडचण अशी, की ताजं मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची भोकं काही काळ एकाच वेळी उघडी असतात. शिवाय पिस्टन वर जाताना आत यायचं भोक आधी बंद होतं आणि बाहेर जायचं नंतर. म्हणजे आलेला माल शेवटच्या क्षणी मागच्या दाराने निसटणार. साध्या पाइपच्या गाडीत तो निसटतोच. त्याला अडवायला दार हवं, आणि ते लावायला इंजिनात जागाच नाही.

ते दार हवेतच तयार करण्याचं श्रेय मुख्यतः पूर्व जर्मनीच्या वाल्टर काडेन यांना जातं. युद्धकाळात जर्मनीच्या क्षेपणास्त्र-कार्यक्रमात काम केलेला हा अभियंता पुढे त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्याचा शर्यत-विभाग सांभाळत होता. पैसा नव्हता, चांगला धातू मिळत नव्हता, पण ध्वनिलहरी फुकट होत्या. पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा एक्झॉस्ट पाइप त्यांनी पन्नासच्या दशकात घासूनपुसून सिद्धीला नेला. आकार डोळ्यांपुढे येत नसेल तर पखवाज आठवा. १९६१पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती.

हा पखवाज करतो काय? एक्झॉस्टचं भोक उघडलं की दाबाखालचा धूर फाटकन बाहेर पडतो आणि दाबाची एक लहर पाइपमधून पुढे पळते. लहर रुंदावत जाणाऱ्या भागात शिरली की तिचा काही भाग उलटा होऊन, म्हणजे ओढ बनून, मागे येतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेतो. या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पाइपमध्ये सांडतं. पुढे पाइप निमुळता होतो. तिथून लहर भिंतीवर आपटल्यासारखी परतते, पण दाब बनूनच, घाटात हाक मारल्यावर प्रतिध्वनी यावा तशी. ती नेमकी भोक बंद होण्याच्या आधी सिलिंडरशी पोहोचली, तर सांडलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. एकही हलता भाग नसलेला हा दारवान आहे.

हिशोब कागदावर करून पाहा, अवघड नाही. इंजिन मिनिटाला ७००० फेरे फिरतंय. एका फेऱ्याला सुमारे ८.६ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टचं भोक जवळजवळ अर्धा फेरा उघडं असतं, समजा ४.२ मिलिसेकंद. घरातल्या हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पण तापलेल्या धुरात तो साधारण ५०० मीटर जातो. ४.२ मिलिसेकंदांत झाले २.१ मीटर. लहरीला जाऊन परत यायचंय, म्हणून निम्मे: मीटरभर. आता कुठलीही जुनी मोटोक्रॉस गाडी पाहा. इंजिनापासून पाइपच्या निमुळत्या भागापर्यंतचं अंतर या आकड्याच्या आसपासच सापडेल.

पण पाइपची लांबी ठरलेली आहे आणि इंजिनाचा वेग बदलता. ४००० फेऱ्यांवर एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद लागतात, लहर मात्र सव्वाचारलाच परत येते. तेव्हा पिस्टन तळाशी आहे आणि ताजं मिश्रण आत येतंय. पाहुणे उंबरठ्यावर असताना दारवानाने दार लोटावं तसं होतं. इंजिन गुरगुरतं, खोकतं, ओढत नाही. ९०००वर उलट: लहर येईतो भोक बंद झालेलं. मधल्या त्या अरुंद पट्ट्याला 'पॉवर बँड' म्हणतात. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५०वर बसलेल्यांनी तो पाठीत अनुभवला असेल. काही होत नाही, काही होत नाही, आणि एकदम कुणीतरी मागून ढकलतं.

काडेन यांचं हे गुपित फार दिवस टिकलं नाही. सप्टेंबर १९६१मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना उलटला होता तेव्हा, एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२मध्ये सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं, स्वार डेग्नरच. १९७०मध्ये बेल्जियमचा जोएल रोबेर सुझुकीवरूनच २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला आणि पुढची दोन वर्षंही राहिला. एका माणसाच्या पळून जाण्यावर सगळं श्रेय टाकणं मला पटत नाही. जपानी अभियंते तिथवर पोचलेच असते, थोडे उशिरा.

आता हेल्मेट घाला आणि एल्सिनोरवर बसा. गेट पडलं की पहिल्या वळणापर्यंत सगळे एकाच रेषेत धावतात. आजच्या फोर-स्ट्रोकवर चूक गिअर पडला तरी इंजिन सावरून घेतं, इथे तसं नाही. वळणात वेग पडला, इंजिन पट्ट्याच्या खाली घसरलं, की गाडी मेली. म्हणून दोन बोटं कायम क्लचवर. वळणाच्या मध्यावर क्लच किंचित दाबून सोडायचा, इंजिन वर चढवायचं, लहर वेळेवर आली की मागचं चाक एकदम माती उडवतं, आणि त्या क्षणी तुमचं वजन योग्य जागी नसेल तर तुम्हीही उडता. थोडक्यात, आजच्या गाडीत कॉम्प्युटर करतो ते काम तुमचा डावा हात करतोय. मागे चारच इंच सस्पेन्शन असल्याने खड्डा थेट कण्याला कळतो. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की काही क्षण नुसते नावाला उरतात.

पाइपला आलेल्या पोच्यांबद्दलही इथे सांगतो. दगडावर आपटून लहानसा पोचा आला तर फारसं बिघडत नाही. पण निमुळता भाग मोठा चेपला तर लहरीची वेळ आणि ताकद बदलते. सगळ्यात मागची बारीक नळी चेपली तर आणखी वाईट: धूर कोंडतो आणि पिस्टन तापत जातो.

तापलेला पिस्टन हाच या खेळातला खरा धोका. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली भिंत बिडाची. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांत फट असते केसाच्या जाडीएवढी. पिस्टन जास्त तापला की फट संपते आणि इंजिन जाम होतं, आपले मेकॅनिक म्हणतात तसं 'सीज' होतं. सपाटीवर झालं तर नुसता खर्च. पण भर वेगात मागचं चाक अडकलं तर तुम्ही हँडलवरून पुढे जाता. क्लचवरची ती दोन बोटं यासाठीही आहेत.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे लांब उतार. या इंजिनाला ऑईल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर. तुम्ही वेगात उतरताय, थ्रॉटल पूर्ण बंद. चाकं इंजिनाला फिरवतायत, पण पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद. म्हणून जुने स्वार उतारावर मधूनमधून थ्रॉटलला हलकासा झटका देतात, नाहीतर क्लच दाबून ठेवतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती हौस वाटते. ते इंजिनाला तेल पाजणं आहे.

ऑईल किती, यावर दोन जुने स्वार कधी एकमत होणार नाहीत. पूर्वी २०ला १, म्हणजे लिटरमागे ५० मिली. आजच्या चांगल्या ऑईलवर बरेच जण ३२ला १ ठेवतात. काही हट्टी लोक अजून एरंडेलाचंच वापरतात. हो, लहानपणी नाक दाबून पाजलं जायचं तेच एरंडेल! कॅस्ट्रॉल हे नावच त्यावरून आलं. त्याचा धूर ट्रॅकवर दरवळला की इथले म्हातारे डोळे मिटतात, मला मात्र आजीचा चमचा आठवतो. यात एक गोम आहे. ऑईल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे जेटमधून हवेच्या मानाने इंधन कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं. सुरक्षेसाठी दोन घोट जास्त, हा हिशोब इथे सरळ लागत नाही.

जुन्या रबरी सीलचंही तसंच. क्रँकचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. म्हणून जाणकार मंडळी हंगामाआधी इंजिनाची सगळी भोकं बंद करून त्यात थोडी हवा भरतात आणि काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहतो का पाहतात. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल. ते पाणी शोषतं, जुनं रबर खातं आणि मिश्रण आणखी पातळ करतं. भारतात आता २० टक्क्यांवर गेल्यामुळे घरी आरएक्स १०० जपून ठेवलेल्यांनी सील आणि नळ्यांकडे लक्ष द्यावं, हे आग्रहाने सांगतो.

एवढं कौतुक केलं, तरी रस्त्यावरून हे इंजिन गेलं ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. लहर कितीही वेळेवर आली तरी ताज्या मिश्रणातला बराच भाग न जळता निसटतो, पट्ट्याबाहेर तर फारच. पुण्यात रोज लाखो टू-स्ट्रोक धावत तेव्हा तो धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जात होता. रविवारी शेतात वीस मिनिटं पळणाऱ्या पन्नास गाड्यांची गोष्ट वेगळी. यावर माझ्याशी भांडायला हरकत नाही.

पहिली शर्यत संपली. आता तंबूत परत येऊन प्लग काढा. काळा आणि ओला असेल तर मिश्रण दाट: गाडी आळशी, पण सुरक्षित. पांढुरका असेल तर पातळ. आणि सावध राहा, पातळ मिश्रणावर इंजिन सीज होण्याच्या जरा आधी फार सुरेख पळतं. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा. सकाळी गार हवेत जेट बरोबर होता, आता दुपारचं ऊन चढलंय, हवा विरळ झालीय, तेवढ्याच पेट्रोलला मिश्रण किंचित दाट होणार. नियमाप्रमाणे एक नंबर लहान जेट टाकायला हवा. पण पश्चिमेला ढग दाटतायत, पाऊस पडला तर हवा पुन्हा गार होईल. दुसऱ्या शर्यतीला तास आहे. शेजारच्या तंबूतले सत्तरीचे आजोबा आकाशाकडे पाहून जेट तोच ठेवतायत. तुम्हीही तोच ठेवा, पाना मात्र खिशात असू द्या.