पुठ्ठा, पट्टी आणि लोकर: वाऱ्याला वळवण्याची स्वस्तातली करामत

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरला फुटतो. चहाचा ग्लास हातात घेऊन पाच मिनिटं कडेला उभे राहा. कापसाचा ट्रक जवळून गेला की आधी ढकलणारा वारा येतो आणि मागोमाग ओढणारा. पुढे रेटलेली हवा आणि मागे पडलेली पोकळी, या दोघींशीच जगभरचे स्पोर्ट्स कारवाले झगडतात. त्यांच्या काही नामी युक्त्या लाखोंच्या यंत्रांतून आल्या नाहीत. पत्र्याचा तुकडा, पुठ्ठा आणि चिकटपट्टी एवढ्यावर त्या जन्मल्या.

आधी वाऱ्याचं वजन

साधारण बांध्याची कार ताशी ६० किलोमीटरने धावते, तेव्हा हवा तिला सुमारे ११ किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटते. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे. तिथे हाच रेटा ४४ किलोंच्या आसपास जातो. वेग दुप्पट, रेटा चौपट. इंजिनाला लागणारी ताकद तर आठपट होते: अडीच अश्वशक्तीच्या जागी एकोणीस. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला पंख लावून काहीच हाती लागत नाही, आणि महामार्गावर मात्र टपावरचं रिकामं कॅरिअर काढलं तरी पेट्रोल वाचतं. काढायला एक पाना लागतो. याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

आणि हो, वाटूरचा वारा वर्षभर सारखा नसतो. तापलेली हवा विरळ होते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश धरले, तर उन्हाळ्यात हवेचा रेटा जवळपास दहा टक्क्यांनी कमी भरतो.

पाऊण तासात बसवलेली पट्टी

१९७१ची गोष्ट. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरी डॅन गर्नी यांच्या रेसिंग गाडीची चाचणी चालू होती. हेच ते गर्नी, ज्यांनी १९६७ साली ल माँची शर्यत जिंकल्यावर मंचावरून शॅम्पेन उडवली आणि तेव्हापासून ती प्रथाच पडली. चालक होते बॉबी अन्सर. गाडीला वेग काही सापडेना. गर्नींनी अॅल्युमिनियमची एक बारीक पट्टी घेतली आणि मागच्या पंखाच्या शेवटच्या कडेवर काटकोनात उभी ठोकली. सगळं काम पाऊण तासाच्या आत उरकलं. अन्सर फेरी मारून आले. वेळ सुधारली नव्हती, पण ते खूश होते. मागची चाकं रस्त्याला इतकी घट्ट धरत होती की आता पुढचीच कमी पडत होती. पुढचा पंख जुळवून घेतला आणि गाडी पळाली.

प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं, ही पट्टी कशाला? उत्तर मिळालं: गाडी ढकलताना पंखाची धारदार कड हाताला कापू नये म्हणून! काहींनी नक्कल केली, पण पट्टी खालच्या बाजूला वळवून बसवली. आज हिला ‘गर्नी फ्लॅप’ म्हणतात आणि ती विमानं-हेलिकॉप्टरांपर्यंत पोहोचली आहे. पंखाच्या रुंदीच्या एक-दोन टक्के उंची पुरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ‘एल’ पट्टी ती हीच.

पुठ्ठ्याने जिंकलेलं अजिंक्यपद

माझी सगळ्यात लाडकी कथा लोटस या रेसिंग संघाची. १९७०च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वायुबोगद्यात पीटर राइट आणि सहकारी गाडीचं छोटं मॉडेल तपासत होते. आकडे एकमेकांशी जुळेनात. नीट पाहिल्यावर कळलं की मॉडेलच्या बाजू वाऱ्याने खाली झुकत होत्या, आणि त्या जमिनीजवळ गेल्या की गाडी खाली खेचली जात होती. त्यांनी बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून जमिनीपर्यंतची फट बुजवली. खाली खेचणारा जोर भसकन वाढला. गाडीच्या तळाखालून हवा वेगाने निसटली की तिथला दाब घटतो आणि वरची हवा गाडीला दाबून धरते. फटीतून बाहेरची हवा आत शिरली की सगळा खेळ बिघडतो. या शोधातून लोटस ७८ आणि लोटस ७९ या गाड्या आल्या, आणि १९७८चं फॉर्म्युला वन अजिंक्यपद मारिओ आंद्रेट्टी यांनी जिंकलं. पुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जागी आलेले सरकते पडदे इतके प्रभावी ठरले की १९८१पासून त्यांवर बंदी आली.

बंदीचा मान त्याआधी मायकेल मे यांनाही मिळाला होता. १९५६ साली या स्विस तरुणाने आपल्या पोर्शे ५५०वर चक्क डोक्यावर उलटा पंख बसवून नुरबुर्गरिंगची शर्यत गाठली. आयोजकांनी तो उतरवायला लावला. १९७२च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसला मात्र मागे बदकाच्या शेपटीसारखा उठाव मिळाला. त्याने मागची बाजू वर उचलली जाणं कमी झालं आणि कमाल वेगही थोडा वाढला.

आपल्याकडची उघडी गाडी

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते? फायबरचं अंग, दोन आसनं, कापडी टप आणि साठच्या आसपास अश्वशक्तीचं छोटं इंजिन. अशा गाडीत फुकटची सुधारणा एकच: वेगात जायचं तर टप चढवा. उघड्या गाडीत वारा काचेवरून उडी मारून आत कोसळतो आणि तिथेच गटांगळ्या खात बसतो.

मुंबईतही विद्यार्थी स्वतःच्या हाताने रेसिंग गाड्या घडवतात. आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ आणि सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन हा संघ परदेशातल्या स्पर्धांपर्यंत गेले आहेत.

करायचं असेल तर

एक सावधगिरी आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा फेरबदल करू देत नाही. बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पुढच्या लोखंडी बुलबारवर तर २०१७पासून बंदी आहे. म्हणून मोठे पंख ट्रॅकवरच्या गाडीलाच शोभतात, आणि तिथे पुठ्ठ्याचा नमुना आधी, पत्रा नंतर. तळ सपाट करायला पाटीवाल्यांकडची सनपॅक शीट चालते, पण सायलेन्सरजवळ ती वितळते. तिथे पत्राच हवा. अमेरिकेच्या नॅस्कार शर्यतींत पात्रता फेरीपुरती पुढच्या जाळीवर टेप लावत, कारण आत शिरणारी हवा गाडीला अडवते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा प्रयोग केलात तर इंजिन उकळेल.

खरी मजा आहे लोकरीच्या दोऱ्यात. बोटभर तुकडे करा, एक टोक चिकटपट्टीने गाडीवर लावा आणि शेजारच्या गाडीतल्या सोबत्याला व्हिडिओ काढायला सांगा. दोरा सपाट झोपला म्हणजे हवा अंगाला धरून चालली आहे. थरथरला म्हणजे ती सुटली. खळ्यावर उफणायला उभं राहण्याआधी म्हातारी माणसं मूठभर भुसा सोडून वारा पाहायची, तीच ही परीक्षा.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या जुन्या हॅचबॅकला आम्ही असे चाळीस दोरे लावले. त्याला मागे मोठा पंख हवा होता. वाटूरजवळच्या रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने एक चक्कर मारली. बॉनेटवर आणि टपावर दोरे शिस्तीत मागे झोपलेले. टप संपतो त्या कडेपाशी ते थरथरायला लागले, आणि मागच्या काचेवर चक्क उलटे होऊन वर चढले. “मामा, इथली हवा तर मागं फिरून गाडीवरच येतीय की!” तो म्हणाला. त्याच काचेवर धूळही सगळ्यात जाड बसली होती. वायपर तिथे का असतो, हे त्याला त्या दिवशी दिसलं. पंखाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. त्याने टपाच्या कडेचं माप घेतलं आणि किराणा दुकानात जाऊन एक रिकामा खोका मागून आणला.