विश्वामित्रीच्या माहेरी

मे महिन्यात, बडोद्याच्या उन्हात, सव्वीस मुलांना घेऊन पावागढ चढायचा म्हटल्यावर आयांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. पण उन्हाळी शिबिरातली ही एकच सहल. बाकीचे दिवस हॉलमध्ये. सातवी ते दहावीची मुलं खरं तर या एका दिवसासाठीच नाव नोंदवतात.

पहाटे साडेचारला बस निघाली. पावागढ जेमतेम पन्नास किलोमीटर, त्यामुळे उजाडताना आम्ही चांपानेरला होतो. माचीपर्यंत गाडी आणि पुढे रोप-वे, असं कालिकामातेचं दर्शन जवळजवळ सगळ्यांचं झालेलं. पायथ्यापासून जुन्या वाटेनं चढलेला मात्र एकही नव्हता.

वाटेत एकामागून एक दरवाजे लागतात. अटक दरवाजाशी मी इतिहास सुरू केला: महमूद बेगड्यानं सुमारे वीस महिने वेढा घालून १४८४ मध्ये गड घेतला, पुढे तो शिंद्यांकडे आला, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. मुलांचं लक्ष सावली कुठे आहे याकडे. आठवीतल्या एकानं मात्र विचारलं, "दादा, ते सोडा. विश्वामित्री कुठाय?"

आपली विश्वामित्री या डोंगरावर उगम पावते, हे मी बसमध्ये सांगितलं होतं. उतारावरची एक घळ दाखवली. धोंडे, वाळका पाला, पाण्याचा थेंब नाही.

"ही?" तो हसला. मग म्हणाला, "हिनं आमचा फ्रिज नेला?"

ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्याच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं होतं आणि सगळं कुटुंब शेजाऱ्यांच्या गच्चीवर. मग तिथेच बसलो आणि बोललो. पावसाळ्यात अशा किती घळी वाहतात, त्या खाली कशा एकत्र येतात, आजवा सरोवराचं जादा पाणीही याच नदीत कसं येतं, आणि शहरात काठावर भराव टाकून आपणच तिची जागा कशी कमी केली. माझ्या इतिहासापेक्षा हे सगळ्यांनी जास्त मन लावून ऐकलं.

माची थोडी उरली असताना दहावीतली एक मुलगी पायरीवर बसली. चेहरा लालबुंद, डोकं गरगरतंय म्हणाली. सावलीत नेलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, ओआरएस घोट घोट पाजलं. तिची पाण्याची बाटली पाहिली तर गळ्यापर्यंत भरलेली! सकाळपासून घोटही घेतला नव्हता. मी रागावणारच होतो, तेवढ्यात आमच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. "वाटेत बाथरूम नाही म्हणून पीत नाहीयेत रे मुली. ही एकटीच नाही."

दर अर्ध्या तासाला मी "पाणी प्या" म्हणून ओरडत होतो. त्या नुसती बाटली तोंडाला लावत होत्या. गेली तीन वर्षं मी ही सहल नेतोय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची लाज वाटली.

अर्ध्या तासात तिला बरं वाटलं. पण नवलखा कोठारापर्यंत जायचा बेत मी माचीवरच रद्द केला. मुलं चिडली. "रोप-वेनं तरी जाऊ दे ना, दादा!" ती मुलगी तर रडकुंडीला आली, आपल्यामुळे झालं म्हणून. तिला सांगितलं, चूक नियोजनाची आहे, तुझी नाही. ताई सगळ्या मुलींना माचीवरच्या स्वच्छतागृहात घेऊन गेल्या, आणि त्यानंतर बाटल्या खरोखर रिकाम्या व्हायला लागल्या. पुढच्या वर्षी बस पायथ्याला थांबली की आधी स्वच्छतागृह, थांबे कुठे ते आदल्या दिवशीच सांगायचं, आणि मुलींबरोबर दोन ताया.

परतताना काळा घोड्याजवळच्या पुलावर सगळी बस एका बाजूला झुकली, मगर दिसते का पाहायला. ड्रायव्हरकाका ओरडले. आठवीतला तो पठ्ठ्या खिडकीला नाक लावून म्हणाला, "आत्ता बघा कशी गरीब दिसतेय."