हृदयाची तपासणी आणि किरणांची मात्रा

छातीत दुखू लागले की डॉक्टर तपासण्या सांगतात. ईसीजी व इको यांत किरणोत्सर्ग नसतो. अँजिओग्राफी क्ष-किरणांनी होते. थॅलियम तपासणीत किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. एका अँजिओग्राफीत तो सुमारे ७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांइतका असतो; थॅलियममध्ये त्याहून अधिक. त्याने पुढे कर्करोगाची शक्यता किंचित वाढते. पण अरुंद झालेली रक्तवाहिनी वेळेत न कळणे हा धोका कितीतरी मोठा आहे. म्हणून गरजेची तपासणी टाळू नये. मात्र "ही कशासाठी? किरणांविना होणारी चालेल का?" असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. जुने रिपोर्ट बँकेच्या पासबुकाप्रमाणे जपावेत, म्हणजे तीच तपासणी विनाकारण पुन्हा होणार नाही.