टेम्पोतली दुसरी बॅटरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढी जवळ आली की आमच्या शेवगावात ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढं दिंडीचे टेम्पो उभे राहायला लागतात. ताडपत्री, सतरंज्या, तांदळाची पोती नंतर चढतात. आधी चढते ती बॅटरी. गाडीची मूळ बॅटरी पुढं असतेच, ही दुसरी. हरिपाठाला ॲम्प्लिफायर हवा, मुक्कामाला दिवे हवेत, आणि आता दिंडीतल्या सगळ्यांचे मोबाइल चार्ज करायला हवेत. एकाच बॅटरीवर एवढं चालवलं तर पहाटे सेल्फ फिरत नाही, आणि माउलीचं नाव घेत टेम्पो ढकलावा लागतो. म्हणून दुसरी बॅटरी मागं हौद्यात ठेवायची आणि पुढच्या अल्टरनेटरवरून वायर ओढून ती चार्ज करायची. बॅटरी घेताना लोक कंपनी बघतात, वॉरंटी बघतात, घासाघीस करतात. वायर मात्र घरात पडलेली असेल ती!

काही वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोबरोबर मी दोन मुक्काम गेलो होतो. करमाळ्याच्या अलीकडे, रात्री, हौद्यात सात-आठ म्हातारी माणसं झोपलेली. जळक्या रबराचा वास आला म्हणून एका आजींना जाग आली. सतरंजीखालची वायर लाल झाली होती. कुणीतरी पान्यानं बॅटरीची पट्टी सैल केली म्हणून सतरंजीवरच भागलं.

परत आल्यावर ड्रायव्हर अण्णा ती जळकी वायर घेऊन चाचांच्या दुकानात गेले. मीही होतो; त्या बाकड्यावर बसून माझ्या निम्म्या कविता झाल्या आहेत. अण्णा म्हणाले, "चाचा, घरात याच अडीच एमएमच्या वायरवर गिझर चालतो की!"

"घरात दोनशे तीस व्होल्ट येतात अण्णा, इथं बारा," चाचा म्हणाले.

सगळी गोम इथंच आहे. १२० वॉटच्या उपकरणाला घरात जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. बारा व्होल्टवर त्यालाच १० अँपिअर लागतात. शिवाय वायरमध्ये एक व्होल्ट वाया गेला, तर दोनशे तीसमध्ये तो कळतही नाही, बारामध्ये मात्र दिवा मलूल होतो. आणि अडीच एमएम म्हणजे वायरची जाडी नव्हे, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. अडीच चौरस मिलिमीटर.

चाचांनी पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. इंजिनपासून हौद्यापर्यंत ५ मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून धरायचे १०. ३० अँपिअर प्रवाह न्यायचा झाला, तर अडीच एमएम तांब्यात २.१ व्होल्ट वायरच खाऊन टाकते, चार एमएममध्ये १.३, आणि सोळा एमएममध्ये फक्त ०.३ च्या आसपास. हा नियम १८२७ मध्ये ओम नावाच्या जर्मन शाळामास्तरानं पुस्तकात मांडला. त्याचे वडील कुलपं करत. मला उगाच बरं वाटलं; चाचांच्या जातकुळीचाच माणूस निघाला.

आता अल्टरनेटर देतो सुमारे १४.२ व्होल्ट. त्यातले दोन वाटेतच गेले तर उरले बारा, आणि पूर्ण भरलेली बॅटरी स्वतःच १२.६ दाखवते. म्हणजे ३० अँपिअर मुळात पोचतच नाहीत. बॅटरी थेंबाथेंबानं भरते. लांबच्या प्रवासात हे खपून जाईल. पण दिंडीचा टेम्पो दिवसाला एक मुक्काम पुढं जातो, इंजिन चालतं तासभर. तेवढ्यात काय भरणार? ॲसिडची बॅटरी सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती मरते. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला मिळतो.

चाचांनी सोळा एमएमची वायर काढली, वेल्डिंगला वापरतात तशी, आत केसासारख्या बारीक तारांची. खडखडाटात जाड तारा तुटतात, या वाकतात. ब्लेडनं एक तार खरवडून बघा म्हणाले. आत पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम समजायचं.

वायर चांगली आणि जोड कच्चा, हा घोटाळा तर घरोघरी. वायर पिळून वर टेप गुंडाळली की काही महिन्यांत हिरवी बुरशी धरते. अशा जोडात ओमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला, तरी ३० अँपिअरला ९ वॉट उष्णता एका बोराएवढ्या जागी साठते. म्हणून टोकाला वायरच्या मापाचा तांब्याचा लग हवा, आणि तो लग दाबायच्या पकडीनंच दाबायला हवा, हातोडीनं नव्हे. काही जण डाग देतात. चाचांना ते पसंत नाही. डाग तारांत शिरून त्यांना ताठ करतो, आणि वायर तिथंच मोडते. बॅटरी काढघाल करायची तर फोर्कलिफ्टला असतो तसा जाड अँडरसन प्लग लावावा. घरातला तीन पिनांचा प्लग तर कधीच लावू नये. मुक्कामाच्या शाळेत एखादं पोर तोच प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालेल!

मग आग कशानं लागली? पत्र्याच्या भोकातून वायर तशीच ओढलेली. पत्र्याच्या धारेनं वरचं प्लास्टिक कापलं, तांबं बॉडीला टेकलं, आणि वाटेत फ्यूज नव्हता. शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर फेकते. भोकाला पाच-दहा रुपयांचं रबरी बूच आणि वायरला फ्यूज असता, तर आजी झोपूनच राहिल्या असत्या. फ्यूज एक नाही, दोन, कारण वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत बसवायचा, आणि आकडा वायरला झेपेल त्याहून कमीच ठेवायचा. या सोळा एमएमला चाचांनी ५० अँपिअरचे बसवले. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, ॲम्प्लिफायरला नव्हे.

मध्ये एक रिलेही घातला. इंजिन चालू झाल्यावरच तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. नाहीतर सेल्फ मारताना मागची बॅटरीही जोर लावते आणि फ्यूज उडतो. परतीची वायर बॉडीच्या भरवशावर न सोडता वेगळी आणली, कारण जुन्या टेम्पोच्या गंजात वीज अडखळते. बॅटरीच्या पेटीला हवेची भोकं ठेवली. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि शेजारी बिडी ओढणारं कुणीतरी असतंच.

वायरचे पैसे ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला. चाचांनी बिलातून मजुरी खोडली, वायरीतला एक वीतही कमी केला नाही. मग इंजिन चालू ठेवून अर्ध्या तासानं अण्णांचा हात धरून एकेका जोडावर ठेवला. "कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर तिथूनच माघारी या. पंढरपूरला नंतर."