पोहून मदतनिधी कसा उभा राहतो?

मदतनिधी म्हणजे काय हे वर्गात सांगताना आपण बहुतेक वेळा डबा फिरवण्यापाशीच थांबतो. पुढच्या वेळी डेव्हिड वॉलियम्स यांची गोष्ट सांगून बघा. (हो, 'गँगस्टा ग्रॅनी' लिहिणारेच!) मूळचे विनोदी नट. २००६ साली त्यांनी 'स्पोर्ट रिलीफ' या मदतमोहिमेसाठी इंग्लिश खाडी साडेदहा तासांत पोहून पार केली. तिथले नियम कडक असतात. अंगावर फक्त साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल. खाणंपिणंही पाण्यातच, सोबतच्या बोटीचा आधार घेतला की प्रयत्न बाद.

२०११ मध्ये ते थेम्स नदी पोहले. लेचलेडपासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत १४० मैल, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर, आठ दिवसांत! नदीच्या पाण्याने पोट बिघडलं, तरी ते थांबले नाहीत. काठावर गर्दी जमत गेली आणि दहा लाख पौंडांहून जास्त निधी उभा राहिला.

एखादं मूल विचारेलच, "सर, न पोहता पैसे दिले तर चालणार नाही का?" चालेल की! पण कुणीतरी आपल्यासमोर कष्ट घेतोय म्हटल्यावर लोक थांबतात, कारण विचारतात, मग खिशात हात घालतात. माझ्या मते खरा फरक त्या विचारण्यातच आहे.

पालकहो, मुलांना नदीत किंवा विहिरीत असलं धाडस मात्र करू देऊ नका. तलावावर, जीवरक्षक हजर असताना, प्रत्येक फेरीला नातेवाइकांनी पाच रुपये कबूल करायचे, एवढं पुरे. हिशोब मुलांनाच करू द्या, आणि पैसे कुठे दिले तेही त्यांनीच फळ्यावर लिहावं.